तंतू उकलून तंतुक कसे मिळवावेत

तंतू म्हणजे एकसंध दोरा नव्हे. लाकडाच्या लगद्यातला तंतू असो, कंडरेतले कोलॅजेन असो, स्नायूची लांबट पेशी असो की अ‍ॅरामिडचा कृत्रिम धागा असो, प्रत्येकाच्या आत त्याहून कितीतरी बारीक तंतू लांबीच्या दिशेने एकमेकांना लगटून बसलेले असतात. या आतल्या तंतूंना तंतुक म्हणतात. प्रयोगशाळेत बहुधा फायब्रिल हाच शब्द चालतो आणि तंतू उकलून फायब्रिल मोकळे करण्याच्या क्रियेला फायब्रिलेशन म्हणतात. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते त्या विकारालाही वैद्यकात हेच नाव आहे, पण तिथे स्नायूचे तंतू फाटत नाहीत, ते ताळमेळ सोडून थरथरतात. त्या अर्थाचा येथे संबंध नाही.

कामाला लागण्यापूर्वी एक भेद मनात पक्का करावा. तंतू दोन दिशांनी मोडतो. आडवा तुटला तर आखूड तुकडे मिळतात, आणि उभा उकलला तर लांब, लवचीक तंतुक मिळतात. वेगाने फिरणाऱ्या धारदार पात्याखाली कोरडा तंतू टाकला की पहिला प्रकार घडतो, आणि नवशिक्याला ती भुकटी पाहून काम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्याने तंतुकांचेही तुकडे केलेले असतात. तंतुकाच्या लांबीच्या दिशेने रेणूंच्या साखळ्या मजबूत सहसंयुजी बंधांनी जोडलेल्या असतात, तर शेजारच्या दोन तंतुकांमध्ये हायड्रोजन बंध, व्हॅन डर वाल्स आकर्षण किंवा मधले एखादे मऊ द्रव्य एवढेच असते. म्हणून सगळे कौशल्य या दुसऱ्या, दुबळ्या जोडाला आधी सैल करण्यात आणि मग तंतूवर आडवा घाव न घालता त्याला घासण्यात आहे. हे एकदा उमगले की पदार्थ कोणताही असला तरी रीत फारशी बदलत नाही.

लाकडाच्या लगद्यापासून सुरुवात

सेल्युलोजचा लगदा हा शिकण्यासाठी सर्वांत चांगला पदार्थ आहे, कारण त्यातला प्रत्येक बदल डोळ्यांना आणि हाताला कळतो. सूचिपर्णी वृक्षांच्या लगद्यातला तंतू साधारण २ ते ४ मिलीमीटर लांब आणि २० ते ४० मायक्रोमीटर रुंद असतो. रुंदपर्णी वृक्षांचा तंतू आखूड, सुमारे १ मिलीमीटरचा असतो. पेशीभित्तिकेत अनेक थर असतात आणि त्यांतला एस-२ नावाचा मधला थर सर्वांत जाड असतो. या थरात ३ ते ४ नॅनोमीटर रुंदीचे मूळ तंतुक जुड्यांनी बांधल्यासारखे, तंतूच्या अक्षाशी थोडा कोन करून मळसूत्री वळणाने बसलेले असतात. त्यांच्यामध्ये हेमिसेल्युलोज आणि उरलेसुरले लिग्निन असते.

लगदा शक्यतो कधीही न वाळवलेला घ्यावा, आणि या एका अटीवर मी कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक भर देईन. लगदा पहिल्यांदा वाळतो तेव्हा पाणी निघून जाताना तंतुक एकमेकांकडे ओढले जातात, त्यांच्यात नवे हायड्रोजन बंध जुळतात आणि पुन्हा कितीही भिजवले तरी त्यांतले बरेच बंध सुटत नाहीत. या परिणामाला हॉर्निफिकेशन म्हणतात, कारण तंतू शिंगासारखा ताठ होतो. वाळलेला लगदाच उपलब्ध असेल तर तो लहान तुकडे करून किमान रात्रभर भिजत ठेवावा आणि नंतर सौम्य ढवळणीने पूर्ण विरघळल्यासारखा मोकळा करावा. मात्र त्याला पुढे अधिक ऊर्जा लागेल हे गृहीत धरावे.

भिजवण्याचे पाणीही विचारपूर्वक निवडावे. तंतूवर थोडे कार्बोक्सिल गट असतात. त्यांच्याशी हायड्रोजन किंवा कॅल्शियमचे आयन जोडलेले असतील तर भित्तिका कमी फुगते, आणि सोडियमचे आयन असतील तर अधिक फुगते. म्हणून लगदा आधी सौम्य आम्लाने धुऊन धातूंचे आयन काढावेत, मग सोडियम बायकार्बोनेटच्या विरल द्रावणात थोडा वेळ ठेवून तो सोडियम रूपात आणावा आणि शेवटी क्षारविरहित पाण्याने धुवावा. हा अर्ध्या दिवसाचा उद्योग पुष्कळ जण टाळतात, परंतु फुगलेल्या भित्तिकेत तंतुकांमधले अंतर आधीच वाढलेले असते आणि यंत्राचे निम्मे काम पाण्याने करून ठेवलेले असते.

यानंतर कुटाई. प्रयोगशाळेत पीएफआय नावाची गिरणी वापरतात. तिच्यात ३० ग्रॅम कोरड्या वजनाइतका लगदा १० टक्के घनतेला (म्हणजे मिश्रणाच्या वजनात १० टक्के कोरडा तंतू) घेऊन ठरावीक फेऱ्या फिरवायचा असतो. कारखान्यात हेच काम रिफायनरच्या फिरत्या आणि स्थिर तबकड्यांमध्ये होते. जाड घनता येथे मुद्दाम राखलेली असते, कारण मग तंतू धातूच्या कडेपेक्षा एकमेकांवर अधिक घासले जातात. कडा बोथट आणि आघात हलके पण पुष्कळ असावेत. धारदार कडा आणि थोडेच पण जोरदार आघात दिले तर लगदा कापला जातो. यंत्राची शक्ती वाढवून वेळ वाचवण्याचा मोह येथेच होतो, आणि तो आवरावा.

कुटाईत दोन गोष्टी एकाच वेळी चालतात. तंतूच्या आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि तो चिंधीसारखा लुळा पडतो, हे अंतर्गत फायब्रिलेशन. बाहेरचे पातळ थर सोलले जाऊन पृष्ठभागावर लव उभी राहते, हे बाह्य फायब्रिलेशन. कागद बनवणाऱ्याला या दोन्हींवर थांबायचे असते, कारण लुळे आणि लवदार तंतू वाळताना एकमेकांना अधिक जागी चिकटतात आणि कागद बळकट होतो. कुटाई कितपत झाली हे पाण्याच्या निचऱ्यावरून मोजतात. कॅनेडियन स्टँडर्ड फ्रीनेसच्या चाचणीत ०.३ टक्के घनतेचे १ लिटर निलंबन २० अंश सेल्सियसला जाळीतून निथळू देतात आणि बाजूच्या नळीतून बाहेर आलेले पाणी मिलिलिटरमध्ये मोजतात. कुटाई वाढते तसा हा आकडा उतरतो. पण आकड्यावर एकट्यावर विसंबू नये, कारण तंतू कापले गेले आणि बारीक चुरा वाढला तरी निचरा मंदावतोच. दर वेळी थेंबभर निलंबन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे: लांब तंतूंच्या कडेला धूसर लव दिसली तर दिशा बरोबर आहे, आणि चौकोनी कडांचे आखूड तुकडे दिसले तर यंत्र कापत आहे.

दुसरी उपयुक्त मोजणी पाणी धरून ठेवण्याची आहे. ओला लगदा ३,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ३,००० पट) इतक्या बलाने १५ मिनिटे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून त्यात उरलेले पाणी वजनावरून काढतात. अंतर्गत फायब्रिलेशन वाढले की हा आकडा चढतो, आणि तो फ्रीनेसच्या जोडीने पाहिला की चित्र स्पष्ट होते.

नॅनोमीटरपर्यंत जायचे असल्यास

तंतूचा पृष्ठभाग लवदार करणे आणि तंतू संपूर्ण उकलून सुटे तंतुक मिळवणे यांत मोठे अंतर आहे. १९८३ मध्ये टर्बाक, स्नायडर आणि सँडबर्ग यांनी सुमारे २ टक्के लगद्याचे निलंबन ५५ मेगापास्कलच्या आसपासच्या दाबाने होमोजनायझरच्या अरुंद फटीतून पुनःपुन्हा काढले आणि जेलीसारखा घट्ट पदार्थ मिळवला, ज्याला पुढे मायक्रोफायब्रिलेटेड सेल्युलोज हे नाव रूढ झाले. फटीतून सुटताना दाब एकदम कोसळतो, द्रवाचे थर वेगवेगळ्या वेगाने एकमेकांवरून सरकतात आणि तंतू उभा फाटतो. रीत परिणामकारक आहे, पण तिच्या दोन अडचणी प्रत्येकाला भोगाव्या लागतात: लांब तंतूंनी फट तुंबते, आणि पूर्वप्रक्रियेविना टनामागे २५,००० किलोवॉट-तासांच्या पुढे वीज खर्च झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून आज कोणीही थेट होमोजनायझरकडे जाऊ नये. आधी कुटाई, मग रासायनिक किंवा विकरांची (एन्झाइमांची) पूर्वप्रक्रिया, आणि शेवटी दाब, हा क्रम ठेवावा.

विकरांचा मार्ग सौम्य आहे. एंडोग्लुकनेज हे विकर सेल्युलोजच्या विस्कळीत भागांतल्या साखळ्या मधूनमधून कापते आणि भित्तिका ढिली होते. मात्रा अल्प ठेवावी, तापमान ५० अंशांच्या आसपास ठेवून मंद ढवळावे आणि शेवटी निलंबन गरम करून विकर निष्क्रिय करावे. मात्रा वाढली तर तंतुकच आखूड होऊ लागतात.

टेम्पो या संयुगाने उत्प्रेरित केलेले ऑक्सिडेशन हा अधिक निर्णायक मार्ग आहे. तो २००६ च्या सुमारास टोकियो विद्यापीठातील त्सुगुयुकी साइतो आणि अकिरा इसोगाई यांच्या कामातून प्रसिद्धीस आला. त्याचे मर्म असे की तंतुकाच्या केवळ पृष्ठभागावरचे सहाव्या कार्बनचे हायड्रॉक्सिल गट कार्बोक्सिलेटमध्ये बदलतात आणि आतला स्फटिक तसाच राहतो. प्रत्येक तंतुकावर ऋण भार येतो आणि शेजारी एकमेकांना दूर ढकलतात. १ ग्रॅम सेल्युलोज १०० मिलिलिटर पाण्यात घेऊन त्यात ०.०१६ ग्रॅम टेम्पो आणि ०.१ ग्रॅम सोडियम ब्रोमाइड विरघळवावे. मग सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, सेल्युलोजच्या दर ग्रॅमला ५ ते १० मिलिमोल या प्रमाणात, हळूहळू घालावे. क्रिया चालू असताना आम्ल तयार होत राहते, म्हणून ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब घालून पीएच १० वर धरून ठेवावा. अल्कलीचा खप थांबला की क्रिया संपली असे समजून थोडे इथेनॉल घालून उरलेला ऑक्सिडीकारक संपवावा आणि गाळून पाण्याने स्वच्छ धुवावे. हायपोक्लोराइट असलेल्या भांड्यात आम्ल कदापि पडू देऊ नये, क्लोरीन वायू सुटतो. हे काम धुराड्याच्या कपाटात (फ्यूम हूडमध्ये), चष्मा आणि हातमोजे घालूनच करावे.

या टप्प्यावर तंतू अजून तंतूच दिसतात, आणि त्यामुळे काही बिघडले असे वाटण्याची शक्यता असते. तसे नाही. धुतलेला पदार्थ ०.१ टक्का घनतेला पाण्यात घेऊन साध्या घुसळणयंत्रात काही मिनिटे फिरवला, आणि मग थोडा वेळ श्राव्यातीत ध्वनीच्या दांडीखाली ठेवला, की दुधाळ निलंबन डोळ्यांदेखत नितळ होत जाते. ३ ते ४ नॅनोमीटर रुंदीचे तंतुक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने इतके बारीक असतात की ते प्रकाश जवळजवळ विखुरत नाहीत. हा क्षण मला या संपूर्ण विषयातला सर्वांत सुंदर वाटतो. ध्वनीच्या दांडीखाली पदार्थ जास्त वेळ मात्र ठेवू नये. बुडबुडे फुटतानाचा ताण तंतुकांना आडवेही तोडतो, आणि भांडे बर्फात ठेवले नाही तर द्रावण तापते.

कृत्रिम तंतू

कृत्रिम धाग्यांपैकी जे फार ताणून, रेणूंना एकाच दिशेने रचून बनवलेले असतात तेच चांगले उकलतात. १९६५ मध्ये ड्यूपाँमध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी शोधलेल्या पॅरा-अ‍ॅरामिड बहुवारिकाच्या द्रव-स्फटिक द्रावणातून पुढे केव्हलार झाले. त्याच्या साखळ्या लांबीच्या दिशेने अतिशय ताठ आणि बाजूला हायड्रोजन बंधांनीच धरलेल्या असतात. हे धागे आखूड कापून पाण्यात रिफायनरमधून काढले की शेवाळासारखा लवदार लगदा मिळतो, आणि तो ब्रेकचे अस्तर व गॅस्केट यांत भरणद्रव्य पकडून ठेवण्यासाठी वापरतात. पॉलिप्रोपिलीनचा मार्ग वेगळा आहे: पातळ पट्टी मूळ लांबीच्या अनेक पट ताणून मग पिनांच्या रुळावरून नेली की ती उभी चिरून जाळीदार तंतू होतात. नेहमीच्या पॉलिएस्टरवर हा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

लायोसेलची, म्हणजे विरघळवलेल्या सेल्युलोजपासून ओढलेल्या धाग्याची, गोष्ट उलटी आहे. ओल्या अवस्थेत घासल्यावर त्याचा धागा इतक्या सहज उकलतो की कापडावर लव येते आणि रंग पांढुरका दिसू लागतो. कापड गुळगुळीत ठेवायचे असल्यास धाग्यातील साखळ्यांना आडवे बंध घालतात, किंवा आधी लव मुद्दाम उठवून सेल्युलेज विकराने ती कापून टाकतात आणि मग हवी तर दुसरी, आखूड आणि एकसारखी लव उठवून मऊ पोत आणतात.

सजीवांचे तंतू

येथे यंत्र दुय्यम ठरते आणि बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण), क्षार व तापमान यांवर काम उभे राहते. स्नायूपासून सुरुवात करणे सोपे. स्नायूतंतू ही १० ते १०० मायक्रोमीटर जाडीची पेशी असते, आणि तिच्यात १ ते २ मायक्रोमीटर जाडीचे शेकडो तंतुक शेजारीशेजारी असतात. ताज्या स्नायूच्या पातळ पट्ट्या काडीला बांधून, म्हणजे त्या आखडणार नाहीत अशा बेताने, ५० टक्के ग्लिसरिन असलेल्या बफरमध्ये उणे २० अंशांना ठेवतात. ग्लिसरिनचा हा उपाय आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी १९४९ मध्ये मांडला. काही आठवड्यांत पेशीपटल निकामी होते, पण तंतुकांची रचना टिकते. कॅल्शियम बांधून ठेवण्यासाठी बफरमध्ये ईजीटीए असावे, कारण कॅल्शियम असेल तर स्नायू आखडतो आणि कॅलपेन हे विकरही जागे होते. प्रथिने कापणाऱ्या विकरांचे रोधकही घालावेत.

मग पट्ट्या थंड बफरमध्ये होमोजनायझरखाली काही सेकंदांच्या तुटक झटक्यांनी मोकळ्या कराव्यात, ट्रायटन एक्स-१०० या अपमार्जकाने पटलांचे अवशेष धुवावेत आणि मंद गतीच्या सेंट्रिफ्यूजने तंतुक तळाशी बसवून दोन-तीन वेळा पुन्हा धुवावेत. पोटॅशियम क्लोराइड ०.१ मोलरच्या जवळपास ठेवावे. चुकून ०.६ मोलर झाले तर मायोसिनचे तंतूच विरघळतात, आणि नळीत तंतुकांऐवजी प्रथिनांचे चिकट द्रावण उरते. फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे २ मायक्रोमीटरच्या अंतराने आडवे पट्टे स्पष्ट दिसले की काम जमले. शरीराच्या मृत्यूनंतर स्नायूत कॅलपेन हेच काम आपणहून करते: ते झेड रेषेजवळची (तंतुकातल्या दोन शेजारच्या खंडांच्या सीमेवरची) प्रथिने कापते आणि तंतुक तेथे आडवे तुटू लागतात. म्हणूनच नमुना किती ताजा आहे याची नोंद ठेवल्याविना दोन निकालांची तुलना करू नये.

कंडरा अधिक हट्टी असते. तिच्यातले कोलॅजेनचे रेणू ३०० नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड असतात. ते ६७ नॅनोमीटरच्या टप्प्याने एकमेकांपासून सरकून बसतात, म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात तंतुकावर त्याच अंतराचे पट्टे दिसतात. वय वाढते तसे रेणूंमधले आडवे बंध वाढतात, तेव्हा कोवळ्या प्राण्याची कंडरा घ्यावी. ती थंड बफरमध्ये सुईने पिंजून, ईडीटीए घालून, बर्फावर होमोजनायझरने हलके हलके उकलावी. तंतुकांमधली प्रोटिओग्लायकन्स (साखरेच्या साखळ्या जोडलेली प्रथिने) सैल करण्यासाठी काँड्रॉइटिनेज हे विकर वापरता येते. अखंड तंतुक हवे असतील तर समुद्री काकडीची त्वचा घेणे अधिक शहाणपणाचे आहे, कारण तिच्यातले तंतुक सस्तन प्राण्यांच्या मानाने फार सहज सुटे होतात.

अ‍ॅसिटिक आम्लात कोलॅजेन विरघळवण्याच्या प्रचलित पद्धतीशी याची गल्लत करू नये. आम्लात तंतुक फुगून सुटतात आणि रेणू द्रावणात जातात. हे द्रावण उदासीन करून ३७ अंशांना ठेवले की जेली बनते, आणि तिच्यात पट्टेही दिसतात, पण ते नव्याने जुळलेले तंतुक असतात. मूळ कंडरेतल्या तंतुकाविषयी काही सांगायचे असेल तर तो नमुना निरुपयोगी आहे. तापमानाचेही भान ठेवावे, कारण द्रावणातला कोलॅजेनचा रेणू शरीराच्या तापमानाच्या आसपासच उलगडून जिलेटिन होऊ लागतो.

जीवशास्त्रात एका ठिकाणी मात्र आडवे तुटणे हाच मुख्य विषय असतो. अ‍ॅमिलॉइड तंतुक, म्हणजे चुकीच्या घडीच्या प्रथिनांचे तंतुक, सुमारे १० नॅनोमीटर जाडीचे असतात आणि नवे रेणू केवळ टोकांना जोडून वाढतात. एक तंतुक मध्ये तुटला की दोनाची चार टोके होतात आणि वाढीचा वेग चढतो. यीस्टमधील प्रायॉन (आपली चुकीची घडी इतर रेणूंना लावणारी प्रथिने) पेशीपिढ्यांमधून टिकतात ते एचएसपी१०४ हे प्रथिन त्यांचे तंतुक तोडत राहते म्हणून. प्रयोगशाळेत ध्वनीच्या दांडीने हेच करतात, आणि तेथे तुकड्यांची लांबी दर वेळी मोजणे हा प्रयोगाचाच भाग असतो.

तपासणी आणि साठवण

साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे ०.२ मायक्रोमीटर आहे, त्यामुळे सेल्युलोजचे किंवा कोलॅजेनचे सुटे तंतुक त्यात नीट दिसत नाहीत. तो न उकललेले तंतू शोधण्यासाठी वापरावा. तंतुकांची जाडी मोजायला निलंबन ०.०१ टक्क्यापर्यंत विरळ करून अभ्रकाच्या ताज्या पापुद्र्यावर एक थेंब ठेवावा आणि अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली उंची वाचावी. रुंदी वाचू नये, सुईच्या टोकाची जाडी तिच्यात मिसळते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नमुना हवेत वाळवला तर तंतुक पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि आपण न केलेल्या जुड्या चित्रात दिसतात. त्यासाठी अल्कोहोलमधून पाणी बदलून क्रांतिक बिंदूला वाळवण्याची पद्धत वापरावी.

तयार निलंबन ४ अंशांना, झाकण घट्ट लावून ठेवावे. गोठवू नये, कारण बर्फाचे स्फटिक वाढताना तंतुकांना पत्र्यासारखे दाबून एकत्र आणतात. टेम्पो पद्धतीच्या निलंबनात मीठ किंवा आम्ल जाऊ देऊ नये, भार झाकला गेला की ते लगेच घट्ट होऊन साकळते. वाळवूनच पाठवायचे असेल तर वाळवण्यापूर्वी त्यात कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज मिसळावे. ते तंतुकांच्या मध्ये बसून त्यांना एकमेकांना थेट भिडू देत नाही, आणि पुन्हा पाण्यात घातल्यावर बराचसा पदार्थ मोकळा होतो.